कात्र्या शिजवणारा कुकर

मी एक जुना प्रेशर कुकर आहे. बूड काळंकुट्ट, एक दांडा तारेनं बांधलेला, झाकणाला दोन-चार पोचे. पण मित्रांनो, मला पाहून तुम्हाला भाताची आठवण येत असेल तर ती जरा बाजूला ठेवा. माझ्या पोटात शेवटचा भात कधी शिजला ते मलाच आठवत नाही. मी कात्र्या शिजवल्या. चिमटे शिजवले, दोऱ्याचे तुकडे शिजवले, कापडाच्या घड्या शिजवल्या. बाळांच्या नाळा कापायला लागतं ते सगळं मी शिजवलं. ऐकायचं असेल तर बसा. मला तापायला वेळ लागतो, पण एकदा तापलो की मग मी गप्प बसत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. अॅल्युमिनिअमची जाड चकती एका दणक्यात खोलगट झाली, तो मी. मागून झाकण आलं, रबरी रिंग आली आणि सगळ्यात शेवटी डोक्यावर शिट्टी चढली. त्या दिवसापासून मी स्वतःला कुणीतरी समजू लागलो. पातेली आणि कढया बिचाऱ्या मुकाट शिजवतात. काम झालं हे चार घरांना कळवणारा मी एकटाच.

एका घरातल्या सासूबाईंनी मला विकत घेतलं. घरात माणसं पुष्कळ, म्हणून त्यांनी दुकानातला सगळ्यात मोठा कुकर निवडला. माझं झाकण त्यांच्याशिवाय कुणी उघडायचं नाही, असा घरात नियमच होता. त्यांची सून एका मोठ्या इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर होती. इस्पितळात सगळे त्यांना सिस्टर म्हणत. पुढे घरातले लोकही तेच म्हणू लागले, म्हणून मीही तेच म्हणतो.

एकदा जेवताना सिस्टरनी सांगितलं की त्या रजा काढून परदेशात जाणार आहेत. एका दूरच्या देशात, एका गरीब वस्तीत, तिथल्या बायकांची बाळंतपणं करायला. पगार नाही, राहायला एक खोली. सासूबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. ज्या गावात आपल्याला कुणी ओळखत नाही, जिथली भाषा येत नाही, तिथे फुकट राबायला जायचं कशाला, असं त्यांनी सरळ विचारलं. तिथे बाळंतपण करणारं कुणीच नाही म्हणून, असं सिस्टर म्हणाल्या. त्यावर सासूबाईंनी अबोला धरला. घरातली माणसं पाय न वाजवता चालू लागली.

मग एका सकाळी त्यांनीच तोंड उघडलं. "तिथे कात्र्या कशात उकळणार तू?"

इस्पितळासारखं यंत्र तिथे नाही, वीजही कधी असते कधी नसते, काहीतरी बघावं लागेल, असं सिस्टरनी सांगितलं.

"मग हा घेऊन जा," सासूबाई माझ्याकडे हात करून म्हणाल्या. "पातेल्यात नुसतं उकळून काही होत नाही. बटाटासुद्धा धड शिजत नाही."

असा मी निघालो. मला काही कुणी विचारलं नाही. माझ्या पोटात सिस्टरचे मोजे कोंबले होते आणि सामान तपासणाऱ्या साहेबांनी झाकण उघडून आत नाक घातलं, एवढाच त्या प्रवासाचा तपशील मला देता येईल.

सिस्टरना मिळालेलं प्रसूतिघर म्हणजे पत्र्याच्या छपराखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत तपासणीची खाट आणि बाक, मागच्या खोलीत बाळंतपणाची खाट, एक कपाट, पाण्याचं पिंप आणि कोपऱ्यात रॉकेलचा स्टोव्ह. समोर गल्ली, इतकी अरुंद की या दारातला माणूस त्या दारातल्या माणसाला पान देऊ शकेल. उजवीकडची भिंत शेजारच्या शिंप्याच्या दुकानाची होती. ती इतकी पातळ होती की त्याच्या मशीनची टकटक माझ्या झाकणाला जाणवायची. प्रसूतिघर कित्येक महिने बंद पडलेलं होतं. ते सांभाळायला एक मावशी होती. झाडलोट तीच करायची, स्टोव्हही तीच पेटवायची आणि सिस्टरचं मोडकंतोडकं बोलणं बायकांना समजावूनही तीच सांगायची. मला मात्र भाषेची अडचण आली नाही. आम्हा भांड्यांना ती कधीच येत नाही. भांडी घासताना बायका जे बोलतात ते सगळीकडे सारखंच असतं.

आमचं काम असं चालायचं. कळा सुरू झालेली बाई आली की मावशी स्टोव्हला पंप मारायची. माझ्या तळाशी पाणी, त्यावर जाळी, जाळीवर कापडात गुंडाळलेली कात्री आणि चिमटे. झाकण लागायचं. शिट्टी झाली की आच कमी करून मला बराच वेळ तसंच ठेवायचं आणि मगच उतरवायचं. अवजारांचा संच एकच होता आणि रॉकेल मोजकं, म्हणून बाई आल्याशिवाय मला पेटवायचं नाही, असा सिस्टरचा शिस्तीचा कारभार होता.

पहिल्यांदा मी शिट्टी दिली तेव्हा गल्लीतली माणसं घाबरून धावत आली. काहीतरी फुटलं असं त्यांना वाटलं. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या वेळी घाबरलं कुणी नाही, पण माणसं आली. पुढे तर शिट्टी झाली की समोरचा चहावाला बाकडं दाराशी सरकवायचा, आत्या-काकू-माम्या येऊन बसायच्या, मुलगा की मुलगी यावर पैजा लागायच्या. कुणाला कळा येतायत, कधीपासून येतायत, मागच्या वेळी काय झालं होतं, सगळ्याचा काथ्याकूट चालायचा. माझ्या एका शिट्टीवर अख्खी गल्ली जमते, हे पाहून मी फुगलो. कुकरनं फुगणं बरं नव्हे, पण फुगलो खरा.

हळूहळू एक गोष्ट सिस्टरच्या लक्षात आली. तपासायला बायका भरपूर यायच्या. बाकावर जागा पुरायची नाही. पण बाळंतपणाला कुणी येईना. दिवस भरलेली बाई तपासणीला हसतखेळत येऊन जायची आणि पुढच्या आठवड्यात कळायचं की घरीच मोकळी झाली. कधी बातमी चांगली असायची, कधी नसायची. मागची खोली रिकामी पडू लागली आणि मी कपाटावर थंडगार बसून राहिलो.

सिस्टरनी ते फार मनाला लावून घेतलं. आपल्या बोलण्यात काही चुकतंय का, आपण परक्या म्हणून बायका बिचकतात का, आपला हात जड आहे का, असं त्या मावशीला विचारायच्या. मावशी खांदे उडवायची. सासूबाईंचं खरं होतं, इथे कुणाचं आपल्यावाचून अडलेलं नाही, असंही त्या एकदा हात धुताना बोलून गेल्या. मी वर बसून ऐकत होतो. मला तरी कारण कुठे माहीत होतं?

सगळ्यात जास्त काळजी त्यांना शिंप्याच्या सुनेची होती. तिचा नवरा कामासाठी दूर असायचा आणि दुकानामागच्या घरात ती आणि सासरा, दोघंच. सिस्टर येण्याआधी तिचं पहिलं बाळंतपण घरी झालं होतं. बाळ गेलं आणि तिच्या अंगावरून इतकं रक्त गेलं की ती जेमतेम वाचली. आता पुन्हा तिचे दिवस भरत आले होते. सिस्टरनी तिला तपासून स्पष्ट सांगितलं की या वेळी घरी राहिलीस तर तुझ्याच जिवाला धोका आहे. रक्त थांबवायचं इंजेक्शन इथे आहे, मी इथे आहे, कळा सुरू झाल्या की लगेच ये. सून मान हलवायची. पण ती मान "हो" म्हणणारी नव्हती, हे सिस्टरनाही कळत होतं.

एका दुपारी बाक रिकामा झाल्यावर सिस्टरनी तिला थांबवून घेतलं. खाटेवर तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या की तू येणार नाहीस हे मला दिसतंय, फक्त का ते सांग, मी रागावणार नाही. सून बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग तिनं मागच्या खोलीच्या उघड्या दारातून कपाटाकडे पाहिलं. म्हणजे माझ्याकडे.

"ते भांडं," ती म्हणाली. "ते ओरडतं."

सिस्टरना काही उमगेना. मग ती हळूहळू बोलू लागली आणि मावशी सिस्टरना सांगू लागली. पहिल्या वेळी कळा सुरू झाल्याचं सगळ्यांना कळलं होतं. दारापुढे बायका जमल्या होत्या. बाळाला काय नाव ठेवायचं यावरून त्यांची बाहेर थट्टामस्करी चालली होती. आत बाळ रडलंच नाही. मग त्या सगळ्या गप्प झाल्या आणि एकेक करून तिला बघायला आत आल्या. पुढे कित्येक महिने नळावर, दुकानात, जिथे जाईल तिथे तेच चेहरे. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं बघायच्या. या वेळी बाळ रडेपर्यंत कुणाला काही कळता कामा नये, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. मग त्यासाठी मरावं लागलं तरी चालेल.

सिस्टर म्हणाल्या, एवढंच ना, मी दार लावून घेईन, कुणाला आत येऊ देणार नाही.

"दार लावलं तरी ती माणसं बाहेर असतातच," सून म्हणाली.

 सून निघून गेली. मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! इतके दिवस मला वाटत होतं की माणसं माझ्या शिट्टीवर जमतात हा माझा मान आहे. बायका नेमक्या त्याच शिट्टीला भिऊन घरी राहत होत्या. मी गप्प बसलो. तसाही थंडच होतो.

अवजारं पातेल्यात उकळून घ्यावीत म्हणजे आवाज होणार नाही, असं मावशीनं सुचवलं. सिस्टरना ते पटेना. ज्या कात्रीवर आपला भरवसा नाही ती आपण बाळाच्या नाळेला लावणार नाही, असं त्या म्हणाल्या आणि दिवसभर विचारात राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मावशीला स्टोव्ह पेटवायला सांगितलं. मावशीनं दोन्ही खोल्यांत डोकावून पाहिलं. कुणीच नव्हतं.

"सिस्टर, बाई कुठाय?"

"बाई नाहीये," सिस्टर म्हणाल्या. "तरी पेटव."

मी शिट्टी दिली. चहावाल्यानं बाकडं सरकवलं, आत्या-काकू धावत आल्या. सिस्टरनी दोन्ही खोल्यांची दारं सताड उघडी ठेवली होती आणि त्या खिडकीशी बसून केस विंचरत होत्या. खाट रिकामी. बायकांनी कपाटामागेसुद्धा पाहिलं आणि कुरकुरत परत गेल्या. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. बाई असो वा नसो, रोज सकाळी कात्री आत, झाकण बंद, शिट्टी. मग कापडात गुंडाळलेला संच सुकवून झाकणाच्या डब्यात ठेवायचा. कुणी आलंच तर तो तयार, आणि नाही आलं तर उद्या पुन्हा तोच शिजवायचा.

दूर देशातून आलेल्या या बाईचं डोकं फिरलंय, असं मावशीनं नळावर सांगून टाकलं. तिचंही बरोबर होतं, कारण रोज एवढं रॉकेल आणायचं कुठून? सिस्टरनी आंघोळीचं पाणी तापवणं बंद केलं आणि दुपारचा चहा सोडला. थंडीच्या सकाळी त्या गार पाण्याचा तांब्या अंगावर ओतायच्या तेव्हा त्यांचं हूहू करणं शिंप्याच्या दुकानात ऐकू जायचं. एकदा प्रसूतिघर चालवणाऱ्या संस्थेचे साहेब पाहणीला आले. बाळंतपणं इतकी कमी असताना रॉकेल इतकं कसं संपतं, असं त्यांनी विचारलं. शिट्टी वाजवायला लागतं, असं सिस्टरनी उत्तर दिलं. साहेबांना ते समजलं नाही, पण सिस्टरचा चेहरा पाहून त्यांनी पुढे विचारलं नाही.

आणि मित्रांनो, माझी किंमत शून्य झाली. चहावाल्याचं बाकडं जागचं हलेना. मी घसा फोडून ओरडलो तरी कुणी वळून बघेना. फार तर एखादी आई शाळेला निघालेल्या पोराला म्हणायची, कुकर झाला, आटप. मला राग आला. हो, आला! शिट्टीला अर्थ नाही तर ती हवी कशाला, असं मला वाटायचं.

पण मग एक बाई गुपचूप आली. बाळंत झाली, विसावली आणि दुसऱ्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली, तेव्हा गल्लीला कळलं. तिच्या मागून दुसरी आली. मागच्या खोलीतली खाट पुन्हा वापरात आली.

शिंप्याच्या सुनेचे दिवस मात्र भरून वर चालले होते आणि ती तपासणीलाही येईनाशी झाली. सिस्टर भिंतीला कान लावायच्या. पलीकडे नुसती मशीनची टकटक. तिचं घरीच काही बरंवाईट झालं तर आपल्याला कळणारही नाही, या काळजीनं त्यांचं जेवणात लक्ष नसायचं.

एका सकाळी मावशी स्टोव्हला पिन मारत असताना सून दारात उभी राहिली. खांद्यावर धुतलेल्या चादरींचा गठ्ठा. आमच्या फाटक्या चादरी शिंपीच शिवून द्यायचा, त्यामुळे गल्लीत कुणाला काही वाटलं नाही. चहावाल्यानं तर तिला रामराम केला आणि तीही दोन शब्द बोलली. आत येऊन तिनं गठ्ठा बाकावर ठेवला, दार लावलं आणि मग ती भिंतीला धरून खाली बसली. कळा पहाटेपासून येत होत्या. तिनं सासऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

सिस्टरनी तिला मागच्या खोलीत नेलं. मावशीला त्या म्हणाल्या, रोजच्यासारखं कर, उशीर नको आणि घाईही नको. मावशीनं आदल्या दिवशीचा तयार संच खाटेपाशी ठेवला आणि उरलेली कापडं माझ्यात भरून मला स्टोव्हवर चढवलं. भिंतीपलीकडे शिंप्याचं मशीन चालू होतं. त्या दिवशी ते एकसारखं चालत होतं, मध्ये थांबतच नव्हतं. सून कळ आली की पदराचा बोळा तोंडात धरायची. तिच्या तोंडून आवाज म्हणून बाहेर पडला नाही.

मी पाहिलंय, मित्रांनो, म्हणून सांगतो. बाळ आलं ते निळसर आणि सैल. रडलं नाही. सिस्टरनी त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली, पायांच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या. काही नाही. सुनेनं विचारलंच नाही. ती छताच्या पत्र्याकडे बघत राहिली. सिस्टर वाकल्या आणि आपल्या तोंडानं हलके हलके त्याच्या नाकातोंडात श्वास सोडू लागल्या. मावशीचे हात जागच्या जागी थांबले होते. इकडे माझं पाणी खदखदत होतं आणि वाफ गळ्याशी आली होती. मला थांबता आलं असतं तर मी थांबलो असतो. पण कुकरला थांबता येत नाही.

शिट्टी झाली. लांबलचक, रोजच्यासारखी. आणि ती चालू असतानाच बाळ रडलं.

खोलीतल्या तिघींनी ते ऐकलं, चौथा मी. गल्लीला फक्त शिट्टी ऐकू आली. बाहेर कुणीतरी पोराला ओरडत होतं, कुकर झाला, आटप.

पुढचं काम घाईचं होतं. रक्त जाऊ लागलं, मागच्यासारखंच. सिस्टरनी इंजेक्शन दिलं, पोट चोळलं, ते दाबून धरलं आणि रक्ताचा ओघ आटेपर्यंत हात काढला नाही. मग त्या स्टुलावर टेकल्या. बाळ एव्हाना गुलाबी होऊन आईच्या अंगावर पडलं होतं आणि पुन्हा गप्प झालं होतं, पण हे गप्प होणं निवांतपणाचं होतं. मुलगी होती. मावशी सवयीनं दाराच्या कडीकडे निघाली. बातमी बाहेर सांगायचा मान तिचा असायचा.

"अजून नाही," सून म्हणाली.

मावशी थांबली.  सुनेनं मुलीची बोटं उघडून पाहिली, पायांची बोटं पाहिली, कान पाहिले. गल्लीत कुणी जमलं नव्हतं, कुणी नाव सुचवत नव्हतं, कुणी बघत नव्हतं. तिनं हवा तेवढा वेळ घेतला. मी वाफ सोडत निवत गेलो. मग ती उशीवर जरा वर सरकली आणि भिंतीवर थाप मारून म्हणाली, "बाबा, मुलगी झाली. रडली."

पलीकडचं मशीन थांबलं. तरी तो आला नाही, म्हणून मावशी त्याला बोलवायला गेली. ती परत आली तेव्हा डोळे पुसत होती. शिंपी मशीनवर डोकं टेकून बसला होता, असं तिनं सांगितलं. पाय अजून मशीनच्या पायडलवर होते आणि मशीनमध्ये कापडच नव्हतं. सून चादरी घेऊन बाहेर पडल्यापासून तो नुसतं रिकामं मशीन चालवत होता.

सिस्टर पुढे आपल्या घरी परत गेल्या. मला मात्र त्यांनी तिथेच ठेवलं. मावशीनं मला किती वर्षं वापरलं ते विचारू नका. आता प्रसूतिघराला पक्की वीज आहे, अवजारांसाठी यंत्र आहे, ते काम झालं की नुसता हिरवा दिवा लावतं. मी कपाटावर असतो. माझी रिंग सुकून तडकली आहे, कुणीतरी माझ्यात जुने बोळे भरून ठेवले आहेत आणि झाकणावर धूळ साचली आहे. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. भांडं आहे, जुनं होणारच.

तुम्हाला एवढंच सांगतो. घरातल्या कुकरची रिंग वेळच्या वेळी बदला, शिट्टीचं भोक साफ ठेवा, रिकामा कुकर आचेवर चढवू नका. आणि एखादी बातमी तुमच्या कानावर आधी आली, तर लगेच चार घरांना सांगत सुटू नका. ती ज्याची असेल त्याला आधी पोटभर बघू द्या. त्याला वाटेल तेव्हा तो भिंतीवर थाप मारेल. तोवर तुम्ही आपलं रोजचं काम करत राहा.